घाटातली डावी वळणं

"आता बघ, गाडी कशी रस्त्याला चिकटून राहते!" आंबोली घाट सुरू होताच गाडी चालवणारा शालनचा नवरा कौतुकानं म्हणाला. तिला घाटात गाडी लागते म्हणून त्यानं जुन्या गाडीचे चारही शॉकॲब्सॉर्बर बदलले होते, चाकांचं अलाइनमेंटही करून घेतलं होतं.

खरं तर शालनला गाडी कधीच लागत नव्हती. हा माणूस चारचौघांत तिच्यापासून चार हात लांब चालणारा. पण घाटातल्या प्रत्येक डाव्या वळणाला गाडी कलायची, ती त्याच्याकडे ढकलली जायची आणि "गाडी लागतेय हो" म्हणत त्याच्या खांद्यावर डोकं टेकायची. माहेरापेक्षा माहेरची ही वाटच तिला जास्त आवडायची.

आज वळणामागून वळण गेलं, पण गाडी जराही कलली नाही. ती आपल्या सीटवर ताठच्या ताठ.

"नाही ना लागत?"

"नाही," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पुढचं डावं वळण आलं. गाडी याही वेळी कलली नाही. त्याचा खांदा मात्र सवयीनं तिच्या बाजूला झुकला आणि तसाच रिकामा थांबला.

"अहो," शालन हळूच म्हणाली, "थोडी लागतेय अजून."