आजच्या तारखेचा चौकोन

"आजच्या चौकोनात एक ओळ मोकळी ठेव, वृंदा," मालक हळूच म्हणाले. पुढच्या वर्षीची दिनदर्शिका संध्याकाळी छापायला जाणार होती. वृंदाचे वडील नाना, जुने नट, सकाळपासून व्हेंटिलेटरवर होते. आज त्यांचा वाढदिवस.

तिने मोकळी ओळ ठेवली नाही. दिनविशेष भरत गेली.

एक तह.
एक भूकंप.
नानांचा जन्म.
कुठल्याशा पुलाचं उद्घाटन.
आणखी एक भूकंप, बारीक अक्षरांत.

"जागाच उरली नाही, काका." तिने प्रूफ पुढे केलं.

मालकांनी चष्मा वर सरकवला. "अगं, वेगळी ओळ कशाला? नानांचा जन्म आहेच की इथे. त्याच्यापुढे 'आणि मृत्यू' बसेल. पेन्सिलने लिहितो, खोडता येईल."

त्यांनी लिहून पाहिलं.

नेमकं बसलं.