पाठीची माती

"तू बाहेर बस, धैर्या," हाफटाइमला वस्ताद म्हणाले. "तुझी अख्खी कारकीर्द त्या पोराच्या चष्म्यात आहे."

समोरच्या फॉरवर्डच्या स्मार्ट चष्म्यानं धैर्यशील इंगवलेच्या सगळ्या जुन्या मॅचेस पचवल्या होत्या. हा डिफेंडर पुढच्या क्षणी कुठं वळणार, ते त्या पोराला काचेत सावलीसारखं आधीच दिसायचं. पोरानं त्याला दोनदा चकवलं होतं.

"जे मी कधी केलंच नाही, ते कुठनं दिसंल त्याला?" धैर्यशील बुटाची नाडी आवळत म्हणाला.

संघ कोल्हापुरातल्या कुस्तीच्या तालमीचा. पाठीला माती लागली की गडी हरला, हे इथं फुटबॉललाही लागू. म्हणून धैर्यशील आजवर घसरून चेंडू काढायला कधी गेलाच नव्हता.

शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती. फॉरवर्ड काचेत दिसणाऱ्या उभ्या सावलीला वळसा घालून गोलकडे निघाला. धैर्यशीलनं अंग झोकून दिलं, घसरत जाऊन चेंडू बाहेर काढला आणि तो उताणा पडला.

शिट्टी वाजली. वस्ताद धावत आले आणि त्याची पाठ झटकू लागले. "पुढच्या मॅचला हेपण चष्म्याला ठाऊक असणार."

"राहू द्या ती माती," धैर्यशील म्हणाला. "उद्या जरा लवकर या, वस्ताद. आजवर आणखी काय काय केलं नाही, ते बघू."