दारावरचा पोचा

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात त्याच्या लाल स्पोर्ट्स कारला पहिला नंबर मिळाला. भंगारात पडलेली ती दोन सीटांची गाडी त्याने जिवाचं रान करून उभी केली होती, त्यामुळे स्वारी हवेतच होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो सांगत होता, "हात फिरवून बघा, एक ओरखडा सापडला तर नाव बदलेन!"

गर्दी पांगल्यावर एक म्हाताऱ्या बाई आल्या. "ही आमची गाडी. हे गेले आणि विकावी लागली," असं म्हणत त्या डाव्या दारावरून हात फिरवू लागल्या. पुन्हापुन्हा, खालीवर.

"काय शोधताय, मावशी?"

"इथे पोचा होता ना, बाळा. आमची लेक पहिल्यांदा चालवायला बसली आणि वळवताना गाडीची ही बाजू थेट फाटकाच्या खांबावर घातली! ह्यांनी तो कधी काढू दिला नाही. लेक गेल्यावर तर मुळीच नाही. मी तोच बघायला आले होते."

तो पोचा त्याला चांगलाच आठवत होता. त्यानेच तो ठोकून, वर लांबीचा लेप भरून, घासून घासून सपाट केला होता.

"मला माहीत नव्हतं हो, मावशी," तो म्हणाला.

"तुला कसं माहीत असणार!" त्याच्या खांद्यावर थोपटत त्या म्हणाल्या, "छान केलीस हो गाडी. अगदी लेक जन्मायच्या आधी होती तशी."