मलकापूरची महागाई

"इथं दूध काय भावानं मिळतं गं ताई?" सिंधूनं विचारलं.

मंजुळाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सरकवलं. सकाळपासून धाकट्या बहिणीचं हेच चाललं होतं. आधी ज्वारी, मग तेल, आता दूध. मुंबईत राहणाऱ्या बाईला मलकापूरचे भाव कशाला हवेत, ते तिला कळेना.

दोघींचं माहेर धामणगाव बढे. दोघींचे नवरे रेल्वेत, पार्सल ऑफिसात बाबू, एकाच पगारावर. पण सिंधूच्या वामनरावाला दादर मिळालं आणि मंजुळाबाईच्या तुळशीरामाला मलकापूर. माहेरी गेलं की बायका सिंधूभोवती जमत, तिच्या नायलॉनच्या साडीला हात लावून पाहत. मंजुळाबाई तेव्हा आत भाकरी थापत बसे.

"तुले काऊन पाह्यजेत भाव?"

"आमचा इकडंच यायचा विचार आहे. हे बदलीचं बघतायत. तिकडं एका खोलीत आम्ही पाच जणं, पाण्यालाही रांग. म्हटलं, तुझ्याजवळ राहू. स्वस्ताई असेल तर दोन पैसे मागं पडतील."

मंजुळाबाईच्या डोळ्यांपुढं ती साडी आली. आता रोज येणार. बाजारात, हळदीकुंकवाला, सगळीकडं आधी सिंधू, मग ती.

"कायची स्वस्ताई? दूध मुंबईच्या वर गेलं, अन् त्यात अर्धं पाणी. वडनेरची चांगली भाजी व्यापारी भुसावळले धाडतात. आपल्याले उरते ते सडकं."

"आणि खोली?"

शेजारची खोली दिवाळीपासून रिकामी होती. तिचं कुलूप इथून दिसत होतं.

"ते पाह्य. भाडं ऐकूनच लोक वापस जातात."

सिंधू त्या कुलपाकडं पाहत राहिली. "मग आमचं तिथंच बरं म्हणायचं," ती हळूच म्हणाली.

निघताना मंजुळाबाईनं तिला शेवया दिल्या, मुगाची डाळ दिली, वर लोणच्याची बरणीही दिली. एवढा सैल हात तिचा कधी झाला नव्हता.

सिंधू आणि वामनरावांना गाडीत बसवून तुळशीराम परतला. टोपी न काढताच उंबऱ्यावर बसला.

"गेले?"

"गेले. बदली नको म्हणतात वामनराव. बायको आयकत नाही. मलकापूर परवडत नाही म्हणते."

मंजुळाबाईनं चुलीकडं तोंड वळवलं. हसू आवरायला तिला वेळ लागला.

"बरंच झालं. मुंबईची सवय लागलेली माणसं. इथं कुठं रमतात?"

तुळशीरामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पक्कं झालं की तुले सांगणार होतो," तो म्हणाला. "साहेब हो म्हणले होते. अदलाबदलीची बदली होती. ते इथं येणार होते, अन् त्यांच्या जाग्यावर दादरले आपण."