जुन्या तबकडीची वाट

चारुशीला दांडगेने सकाळपासून कर्नेलमधला, म्हणजे यंत्रणेच्या गाभ्यातला, निम्मा कोड खोडला होता. जाग आली की माणसाच्या डोक्यातली आठवणींची तबकडी माउंट करणारा, म्हणजे मेंदूला जोडून देणारा, तो कोड. त्यातल्या वेड्यावाकड्या वाटांची तिने एक सरळ वाट केली. उरली फक्त जुन्या तबकड्यांची.

“तीही उडवा,” विभागप्रमुख बर्वे म्हणाले. “जुन्या तबकड्या आता मूठभर लोकांच्या डोक्यात आहेत.”

“त्यांना उद्या स्वतःचं नावही आठवणार नाही.”

“मग नवी बसवून घ्यावी.”

“जुनी काढली की आठवणी जातात, साहेब. तुम्हाला ठाऊक आहे.”

“सगळ्यांचं बघत बसलो तर काम व्हायचं कसं?”

चारुशीलाने टेबलावरची चाचणीची तार उचलली. त्या विभागात रीतच होती, कोड ज्याच्या हातून खोडला जाईल त्याच्याच डोक्यावर उरलेला कोड आधी चालवून बघायचा. तिने कानामागचे केस बाजूला केले. तिथे जुन्या तबकडीची रुंद, पितळी खोबण होती. इतकी वर्षं शेजारी बसून बर्वेंनी ती पाहिली नव्हती.

“खोडते,” ती म्हणाली. “तार तुम्ही लावा. मग मी कोण, ते मला सांगत बसा.”

बर्वेंनी तार हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली.

चारुशीलाने कीबोर्ड पुढे ओढला आणि त्या कोडच्या वर शेरा लिहिला: ‘ही वाट बुजवू नये. हिच्यावरून काही माणसं रोज सकाळी स्वतःकडे परत येतात. त्यातली एक मी.’