सातची रेघ

“पाच आकडे कशाला? दोन पुरेत,” गुरुजी म्हणाले. “जो आकडा पाहून उद्या काय सुधारायचं ते कळत नाही, तो पडद्यावर निव्वळ शोभेला!”

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या केंद्रात सात कारागीर होते. गुरुजी सर्वांत जुने; वाद घालण्याच्या हौसेमुळे हे नाव पडलेले. काम आटोपल्यावर प्रत्येक स्क्रू पुसल्याशिवाय ते ग्राहकाचे घर सोडत नसत. केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी आता भिंतीवर कामगिरी दाखवणारा पडदा लावायचे ठरवले होते. तिमाहीअखेर जो पहिला, तो पथकप्रमुख. त्या पदाकडे गुरुजी अकरा वर्षे डोळे लावून बसले होते.

दोन आकडे ठरले: पहिल्याच फेरीत मिटलेल्या तक्रारी आणि महिनाभरात पुन्हा न उद्भवलेल्या तक्रारी. नावांऐवजी क्रमांक, आणि प्रत्येक क्रमांकाची पडद्यावर एक रेघ.

“स्वतःचा क्रमांकही कोणाला कळायला नको,” गुरुजींनी हट्ट धरला. “कळला की माणूस कामासाठी नाही, रेघेसाठी राबतो.”

मॅडमनी प्रत्येकाचा क्रमांक घालून सात पाकिटे भरली, ती खणात ठेवली आणि खणाला कुलूप लावले.

पहिल्या आठवड्यापासून सातची रेघ सर्वांत उंच राहिली.

“सात म्हणजे नवीच,” गुरुजी घरी बायकोला म्हणाले. “सातवी रुजू झाली ना ती. आल्या आल्या माझ्या पिशवीच्या कप्प्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सुट्या भागांची नावं! मला?”

“पण वस्तू पटकन सापडतात का?”

“सापडतात. तो मुद्दा नाही.”

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी नवीनेच विषय काढला. “दादा, सात कोण असेल हो? शिकायला हवं त्यांच्याकडून.”

किती हे नाटक, गुरुजी मनात म्हणाले. त्यांनी चहा अर्धाच ठेवला. ती हसली की त्यांना ती रेघच हसल्यासारखी वाटे.

पडद्यावर क्रमांकाला बोट लावले की प्रत्येक फेरीला लागलेला वेळ दिसे. एके दुपारी त्यांनी सातला बोट लावले. बाकीचे अर्ध्या तासात मोकळे होत. सात तासभर रेंगाळे. गुरुजी तडक मॅडमच्या दारात उभे राहिले.

“दोन आकडे अपुरे आहेत. फेरीची मिनिटंही धरा. ग्राहकाचा वेळ काय फुकटचा आहे?”

मॅडमनी चष्मा काढला. “दोन पुरेत, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“चूक दिसली की सुधारावी, यालाच शास्त्र म्हणतात.”

“नक्की? मग तिमाही संपेपर्यंत बदल नाही.”

“नक्की.”

मॅडमची नजर क्षणभर खणाच्या कुलपावर रेंगाळली. मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

मिनिटे धरली जाऊ लागल्यापासून सातची रेघ आठवड्यागणिक खचत गेली. गुरुजींना आता भूक लागू लागली. शेवटच्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. पडद्यावर सात तळाशी होता आणि तीन सर्वांत वर. तीन आपणच, याविषयी त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

मॅडमनी पाकिटे वाटली.

“तीन!” नवी जवळजवळ ओरडलीच. “दादा, मी तीन आहे!”

टाळ्या वाजल्या. गुरुजींनी आपल्या पाकिटातला कागद उलगडला, दोनदा वाचला आणि घडी जुळवून खिशात ठेवला. त्यावर एकच आकडा होता: सात.