कमी जोराचा रेग्युलेटर

रोज केळीचा एक घड गायब होऊ लागला, तेव्हा तोतारामने चोरावर रंगाच्या गोळ्या झाडणारी हवेची बंदूक बनवून घेतली. तिला हवेचा जोर ठरवणारा रेग्युलेटर आणायला तो जळगावला निघाला, तर बांधाशेजारचा शालिग्राम न बोलावताच एसटीत येऊन बसला.

दुकानात रेग्युलेटरही शालिग्रामनेच निवडला. "हाच घे तोताभाऊ, कमी जोराचा शे. त्या दुसऱ्यानं पाठ सोलून निघेल."

"चोराचीच ना?"

"तो बी माणूसच शे. अन् गोळीत रंग कोणता भरशील?"

"लाल."

"लाल कसाले? पांढरा भर."

तोतारामने शालिग्रामच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्याकडे एकदा नीट पाहिलं. मग दुकानदाराला म्हणाला, "शेठ, जोराचाच द्या."